पाच हात शीळ

मला ऐकायला करीमचाचांनी शिकवलं. लिहायला-वाचायला गावच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं, बी.ए. बीडच्या कॉलेजात झालो, आणि वाढवलं माय-आबांनी. हे उपकार आहेतच. पण पुढं ज्या कामावर माझं घर चाललं आणि मुलं शिकली, ते काम मला पाटोद्याच्या पेठेत लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या या माणसानं हाताला धरून शिकवलं. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती, घड्याळ नव्हतं आणि गिऱ्हाइकाला बसायला खुर्चीही नव्हती. एक बाकडं होतं, त्यावर उघडे पडलेले दोन अँप्लिफायर होते आणि मागच्या दारात खुंटीला मुन्नी नावाची शेळी बांधलेली असायची. चाचा मशीन दुरुस्त करून झालं की आधी शेळीला ऐकवायचे. तिनं कान टवकारले तर मशीन ठीक. नाही टवकारले तर पुन्हा उघडायचे.

आमचं घर धनगराचं. मेंढरांच्या मागं फिरणाऱ्या घरात माणूस डोळ्यांपेक्षा कानावर जास्त विसंबतो, हे मला फार उशिरा कळलं. आबा भाकरी खाता खाता म्हणायचे, "त्या तांबड्या गाईची घंटी का बरं थांबली?" आणि आम्ही पळत जाऊन बघावं तर गाईचा पाय खरंच दोरात अडकलेला असायचा. माय जात्यावर बसली की पहाट झाली, परातीत भाकरी थापटल्याचा आवाज आला की अंगावरची घोंगडी काढायची, असं आमचं सगळं आवाजावर चालायचं. बहात्तरच्या त्या दुष्काळात मात्र हे आवाज एकेक करून गेले. मेंढरं चुलत्याबरोबर गोदावरीच्या अंगाला गेली होती. जातं बंद होतं, कारण रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि ती दळून आणावी लागे. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं मिळालेली सुकडी पदराच्या गाठीला बांधून माझी धाकटी बहीण सुमन हिच्यासाठी आणायची. त्या गोडसर पिठाचा वास मला आजही कुठं आला तर मी थांबतो.

मी आमच्या गावातला पहिला पदवीधर. पदवीधर झालो आणि सहा महिने त्याच खडीवर हजेरी मांडत बसलो. तेवढ्यात आमच्या भागातला दूध संघ नवीन उभा राहत होता, त्यांना प्रचारासाठी माणूस पाहिजे होता. चेअरमनसाहेबांनी मला उभं करून विचारलं, "बोलता येतं का?" मी "हो" म्हणालो. "बायांना पटंल असं बोलता येतं का?" यावर मी बी.ए.चं सर्टिफिकेट पुढं केलं. ते हसले. म्हणाले, "मग टेपवर दुसऱ्यांना बोलायला लाव." संघाकडं सरकारी योजनेतून आलेला एक स्पूलचा टेपरेकॉर्डर पेटीतच पडून होता. मी तीन महिन्यांत एक श्रुतिका, म्हणजे नुसती ऐकायची नाटिका, तयार करायची. पाटोद्याबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी होती, तिथं गावोगावचे लोक गुरं घेऊन राहिले होते. त्यांना ती ऐकवायची, आणि पाऊसपाणी झाल्यावर दूध संघात घालायला बाया तयार झाल्या तर मी कायम. नाहीतर पुन्हा खडी. आणि माझ्या कायम होण्याला सुमनची शाळा बांधलेली होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं तिला पाटोद्याला ठेवायचं तर आबा एकच म्हणायचे, "तुझं नक्की होऊ दे, मग बघू." सुमन मात्र मी घरी आलो की आधी माझ्या तोंडाकडं बघायची.

टेपरेकॉर्डर कसा चालू करायचा हे संघात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी ती पेटी डोक्यावर घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी पेटी उघडली, फीत बोटांत धरून उजेडाकडं केली आणि म्हणाले, "हौ. रेशमावानी हाय. काय भरायचं हिच्यात?"

मी रात्र रात्र बसून लिहिलेला कागद वाचून दाखवला. गंगू आणि सखू या दोन शेजारणींचं भांडण आणि शेवटी संघाच्या केंद्रावर दोघींचं मनोमीलन, अशी ती गोष्ट होती. मी तीत सहकाराचे फायदे ओळीनं घातले होते. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, हे सगळं माणसंच बोलत्यात. बाकीचे कुठं गेले?"

"बाकीचे कोण?"

"कोंबडी कुठं हाय? भांड्याचा आवाज? दार? वारा? ह्या गंगूच्या घरात कुणी खोकत न्हाई का? हे घर न्हाई, कचेरी हाय."

मग त्यांनी मला बोटं मोजून सांगितलं. मी ते पुढं मोठमोठ्या शब्दांत शिकलो, शिकवलंही, पण त्या बोटांपलीकडं फारसं काही नव्हतं. पहिला आवाज बोलण्याचा. दुसरा कामाचा, म्हणजे दार लागलं, बादली पडली, काहीतरी घडलं असं सांगणारा. तिसरा जागेचा, तो कुणी मुद्दाम ऐकत नाही, पण काढून घेतला तर माणूस विहिरीत बोलतोय असं वाटतं. चौथा बाजाचा, पेटी-ढोलकीचा, आणि तो मिठाइतका. एवढं सांगून ते थांबले. अंगठा तसाच उभा होता.

"आणि पाचवा?"

"तो सांगून कळत न्हाई," असं म्हणून त्यांनी चहाला हाक मारली. चाची गुळाचा काळा चहा घेऊन आली आणि माझा कागद बघून म्हणाली, "गंगू मी होणार. भांडणात मला कुणी हरवत न्हाई, ह्यांना विचारा." अशी गंगू मिळाली. सखू म्हणून मी मायला आणलं.

माय घरात बोलायची ते ऐकून शेजारचे लोक कामं सोडून बसायचे. पण मायक्रोफोन समोर ठेवला आणि तिचं वेगळंच काही झालं. ती पदर डोक्यावर ओढून उभी राहिली, हात जोडले आणि तहसीलदारापुढं अर्ज सांगावा तशी म्हणाली, "मी सखुबाई, राहणार इथलीच, माझं म्हणणं असं की गंगुबाईची कोंबडी..." चाची पोट धरून हसायला लागली. माय चिडली. "हसू नका. ह्या लोखंडाच्या बाईला डोळे न्हाईत, कान न्हाईत, हिच्याशी बोलायचं तरी कसं?" चार वेळा केलं, चारही वेळा तहसील कचेरी. शेवटी चाचांनी मशीन झाकून ठेवलं आणि चाचीला सांगितलं, "आक्काला सूप दे. मिलोत लई खडे आल्यात." माय सूप घेऊन बसली, पाखडायला लागली, चाची समोर बसली आणि खडे किती, रेशनवाला कसा, असं सुरू झालं. चाचांनी हळूच मशीनचं बटण दाबलं आणि मला खूण केली. मी नुसतं म्हणालो, "माय, गंगूनं तुझी कोंबडी डांबून ठेवली म्हण." माय सूप न थांबवता म्हणाली, "तिच्या बापाची हाय का गं कोंबडी? मी तिला दाणा घालते, आन् अंडं तुझ्या घरात कावून?" चाची उसळली, "तुझी कोंबडी माझ्या घरात येती, कारण तुझ्या घरात तिला तुझं तोंड ऐकावं लागतं!" आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही कुणी मध्ये पडलो नाही. माझ्या कागदातलं त्यात काही राहिलं नाही. सहकाराचे फायदे तर पार वाहून गेले. पण मागं सुपाचा सर्रसर्र आवाज होता आणि दोन बायांचं खरंखुरं भांडण होतं.

"हात कामाला लागले की तोंड खरं बोलतंय," चाचा म्हणाले. मी पुढं कितीतरी मोठ्या माणसांना ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेंगा सोलायला दिल्या आहेत. त्याचं मूळ हे.

बाकीचे आवाज आम्ही तयार केले. पावसाचा आवाज करायला पाऊस नव्हता. चाचांनी पत्र्याचं मोठं ताट तिरपं धरलं आणि मी त्यावरून मिलो हळूहळू सोडली. डोळे मिटून ऐकलं तर पत्र्याच्या छपरावर पाऊस. चाची दारात येऊन उगाच आभाळाकडं बघून गेली. माय मात्र सांडलेला एकेक दाणा वेचून घेत होती. तिनं त्याच दाण्यांच्या भाकरी केल्या आणि आम्ही चौघांनी लसणाच्या चटणीबरोबर बसून पाऊस खाल्ला. धार काढण्याच्या आवाजासाठी पितळी चरवीत पिचकारी मारली. खऱ्या गाईची धार त्या दिवसांत इतकी बारीक झाली होती की फितीवर ती ऐकूच येईना. पिचकारीचं पाणी प्रत्येक वेळी गाळून पुन्हा वापरलं आणि शेवटी मुन्नीला पाजलं. मला तिच्या पिण्याचा आवाज तेव्हा ऐकू आला असणार. पण मी तो ऐकला नाही.

आता शिळेचं सांगतो. गुरं पाण्यावर आली की आबा एक शीळ घालायचे. बारीक, लांब, चढत जाऊन मध्येच वळणारी. ती ऐकली की जनावर मान खाली घालतं आणि पोटभर पाणी पितं, घाबरत नाही, घाई करत नाही. आमच्याकडं हे सगळेच करतात, पण आबांच्या शिळेला नाव होतं. आमच्या दोन गाई छावणीत होत्या म्हणून आबाही तिथंच राहायचे, आणि सकाळी टँकर आला, पत्र्याच्या डोणी भरल्या की साऱ्या छावणीचे लोक त्यांनाच बोलवायचे. त्यांनी शीळ घालायची आणि मग रांगेनं गुरं सोडायची. माझ्या गोष्टीच्या शेवटी पाऊस पडलेला असतो, सखूची गाय डोणीवर येते आणि शीळ ऐकू येते, असं मी लिहिलं होतं. मी मशीन घेऊन छावणीत गेलो. दुपार होती, डोणी कोरड्या होत्या.

"आबा, जरा शीळ घाला. इथं तोंडाजवळ."

"पाणी कुठं हाय?"

"पाणी न्हाई लागत, आबा. नुसती शीळ पाहिजे."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लहानपणी एकदा मेंढराला दगड मारला होता त्याची आठवण झाली. "रिकाम्या डोणीवर शीळ घालत न्हाईत. सकाळी ये."

सकाळी गेलो. टँकर आला, डोणी भरल्या, आबांनी शीळ घातली, गुरं पाणी प्यायली आणि मी ते सगळं फितीवर घेतलं. दुकानात येऊन ऐकलं तर शिळेच्या अंगावर गुरांच्या ओठांचा सूर्रर्र, नाकातून सोडलेला श्वास, कुणाच्या तरी शिंगाचा पत्र्याला धक्का, असं सगळं दाटलेलं. मी नवा शिकलेला होतो. मला स्वच्छ आवाज पाहिजे होता. गुरांनी तोंड पाण्याला लावण्याआधीचा एक तुकडा मला सापडला, त्यात शीळ एकटी होती. मी पांढऱ्या पेन्सिलीनं दोन खुणा केल्या, ब्लेडनं फीत तिरपी कापली आणि तेवढा तुकडा चिकटपट्टीनं नाटिकेत जोडला. आमच्या मशीनवर फीत सेकंदाला जेमतेम दोन इंच सरकायची. चाचा इंचांऐवजी कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मोजायचे. त्यांनी तुकडा मोजला: पाच हात. जोडलेली फीत वाजवली तेव्हा मागच्या दारात मुन्नी ताडकन उठली, दोर ताणून दुकानात डोकावली आणि मशीनकडं तोंड करून उभी राहिली.

"बघ बेटा," चाचा खूश होऊन म्हणाले, "मुन्नी पास करती!"

आम्ही दोघं केवढे हसलो. पुढं काय होणार ते त्या शेळीनं आम्हाला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही ती शाबासकी समजलो.

ठरलेल्या दिवशी दुपार कलल्यावर छावणीत मांडव घातला. चेअरमनसाहेब आले, संघाचे चारदोन लोक आले, दुधाच्या नव्या कॅन धुऊन दाखवण्यासाठी जीपच्या मागं पाण्याची छोटी टाकी जोडून आणली होती. चाचांनी बाभळीच्या खोडाला कर्णा बांधला. बाया लांबच बसल्या होत्या, अर्ध्या पाठमोऱ्या. पण कर्ण्यातून मायचा आवाज आला, "अंडं तुझ्या घरात कावून?" आणि सगळ्या एकदम वळल्या. "अगं, ही तर आपली धोंडाबाई!" माय लाजून चाचीच्या मागं लपली. भांडण रंगत गेलं तसे लोक पुढं सरकले, एका म्हातारीनं सखूच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली, दुसरीनं गंगूची बाजू घेतली. चेअरमनसाहेब हसता हसता डोळे पुसत होते. सुमन मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मी तिला लांबूनच मान हलवून दाखवली: झालं, नक्की झालं.

मग पाऊस पडला, म्हणजे ताटावरची मिलो. आणि मग शीळ.

पहिल्या दोन सेकंदांत एक घंटी वाजली. मी अजून अभिमानातच होतो. मला वाटलं, बरी साथ मिळाली. मग दुसरी वाजली, मग एकदम सगळ्या. सावलीला बसलेली छावणीभरची जनावरं उठून उभी राहिली होती. कुणाची खुंटी उपटली, कुणाचा दोर तुटला, आणि ती सगळी आबांची शीळ जिथून येत होती तिकडं, म्हणजे मांडवाकडं, निघाली. पळत आली असती तर आम्ही पळालो तरी असतो. ती नेहमीसारखी, ओळीनं, शांतपणे आली, आणि त्यामुळंच कुणाला अडवायला सुचलं नाही. मांडवाचा एक खांब बैलाच्या अंगाला लागून कलला, कापड चेअरमनसाहेबांच्या डोक्यावर आलं आणि ते खुर्चीवर चढले. "अरे, हे कुणी सोडले बे?" असं कुणीतरी ओरडलं. एक कालवड चाचांच्या अँप्लिफायरला चाटायला लागली आणि चाचा "नक्को अम्मा, करंट हाय, नक्को!" म्हणत तिला मिठी मारून मागं ओढत होते. लोक हसत होते. मीही हसत होतो.

तेवढ्यात पाच हात संपले. चाचांनी मशीन बंद केलं आणि लोकांचं हसूही आपोआप थांबलं. सगळी जनावरं कर्ण्याकडं तोंड करून उभी होती. मान थोडी खाली, ओठ हलताहेत, आणि समोर काही नाही. काहींनी कोरड्या मातीलाच तोंड लावलं. घंट्या थांबल्या होत्या. मघाची ती सखूची बाजू घेणारी म्हातारी मला म्हणाली, "लेकरा, माणसाला काय सांगायचं ते सांग. मुक्या जनावराला कावून फसवलंस?"

आबा गुरांमधून वाट काढत आले. ओरडले नाहीत. "शीळ कुणी घातली?"

"मशीननं," मी म्हणालो.

"मग मशीनला म्हण, पाणी पाज."

मला वाटलं, आता सुमनकडं बघायचं नाही. सकाळचं पाणी केव्हाच संपलं होतं, दुसरा टँकर उद्याच. जवळ पाणी होतं ते एकाच ठिकाणी, संघाच्या जीपमागच्या टाकीत, आणि ते माझं नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर धीर सुटला असता. दोन कॅन घेतल्या, तोटी सोडली, भरल्या आणि डोणीत नेऊन ओतल्या. संघाचे एक कारकून मागं ओरडत आले, "अहो मारुतराव, ते पाणी कॅनसाठी हाय! साहेबांना काय दाखवायचं?" मी तिसरी कॅन लावली. खुर्चीवरून आवाज आला. चेअरमनसाहेब डोक्यावरचं कापड काढत होते. "ओतू द्या त्याला. जनावर उभं ठेवून भाषण करायची माझी हिंमत न्हाई. आन् मला कुणीतरी खाली उतरवा." मग छावणीतल्या बाया उठल्या. ज्याच्या त्याच्या पालात घागर-दोन घागरी ठेवलेल्या असायच्या, त्यातली एकेक घेऊन आल्या. जीपमधला पाहुण्यांचा माठही गेला. प्रत्येक तोंडाला चार घोट, त्यापेक्षा जास्त काही झालं नसेल. पण डोणींचा तळ ओला झाला तेव्हा आबा पुढं झाले आणि त्यांनी शीळ घातली.

तीच शीळ. फितीवरच्या शिळेत आणि तिच्यात एका सुराचाही फरक नव्हता. पण आता तिच्यामागून ते ऐकू येत होतं: ओठांचा सूर्रर्र, श्वास, पत्र्याला लागलेलं शिंग. मी ब्लेडनं शीळ ठेवून पाणी कापून टाकलं होतं. आजची मुलं मांडीवरच्या मशीनवर बोट फिरवून मागचा सगळा आवाज पुसून टाकतात आणि मला विचारतात, "सर, आता क्लीन आहे ना?" मी म्हणतो, क्लीन आहे, पण काय गेलं ते एकदा बघून घ्या. का म्हणतो ते सांगायला त्यांना वेळ नसतो. म्हणून इथं लिहून ठेवतोय.

जाताना चेअरमनसाहेबांनी कायम करतो असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पेटी परत करायच्या तयारीनं दुकानात गेलो. तिथं छावणीतल्या चार बाया आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचा पुढारीपणा त्या म्हातारीकडं होता. मी माफी मागायला हात जोडले तर ती म्हणाली, "ते झालं रे. पण सखूची कोंबडी परत दिली का न्हाई तिनं? भांडण मिटलं का? अर्ध्यात बंद केलंस, आमच्यात रात्रभर त्यावरनं वाद."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "सोमवारी आणतो, आक्का," ते म्हणाले. "सकाळी. टँकर आल्यावर."

त्या गेल्या आणि मी ब्लेड घेतलं. शिळेचे पाच हात दोन्ही बाजूंनी कापून काढले. उरलेली दोन टोकं जोडायला जवळ आणली तेव्हा चाचांनी माझं मनगट धरलं. "जोडू नको. जागा ठेव."

"किती?"

"जेवढं काढलं तेवढं."

त्यांनी कोऱ्या, काही न भरलेल्या फितीचा तुकडा घेतला, स्वतःच्या कोपरानं पाच हात मोजला आणि तिथं जोडला.  आणि त्या दिवशी उभा राहिलेला अंगठा मला पुन्हा दाखवला. पाचवा आवाज. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे खरं सांगतो. मला वाटलं, लोक म्हणतील मशीन बिघडलं.

सोमवारी सकाळी टँकर आला, डोणी काठोकाठ भरल्या. गुरं बांधलेलीच होती. नाटिका पहिल्यापासून लावली, तेच हसू, तीच भांडणं. ताटावरचा पाऊस पडून गेला आणि कर्णा गप्प झाला. एक हात, दोन हात. कुणी हललं नाही. सगळे मशीनकडं बघायचं सोडून आबांकडं बघत होते. आबा डोणीशी उभे होते. त्यांनी आधी वाकून पाण्यात हात घातला, पाणी आहे याची खात्री केली, आणि शीळ घातली. लोकांनी दावी सोडली, घंट्या निघाल्या, गुरं ओळीनं आली, तोंडं पाण्याला लागली. बरोबर त्यावर कर्ण्यातून चाचीचा आवाज आला, "सखू, ये गं, दोघींचं दूध एकाच कॅनीत घालू. कोंबडी पण घेऊन जा तुझी." छावणी खदखदून हसली. बाया त्याच दिवशी नावं सांगायला आल्या, पहिलं नाव त्या म्हातारीनं सांगितलं आणि वर म्हणाली, "गंगूचं आधी लिहू नको, सखूचं लिही." मायला वाटलं तिचंच म्हणताहेत, ती पुढं होऊन म्हणाली, "माझं नाव धोंडाबाई हाय!"

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पाऊस पडल्यावर संघानं मला याच कामाच्या शिक्षणासाठी पुण्याला धाडलं. तिथं पहिल्या आठवड्यात मी चाचांना एक पत्र लिहिलं. चाचा गेल्यावर त्यांच्या मुलानं ते मला परत आणून दिलं, म्हणून ते जसंच्या तसं इथं उतरवता येतंय.

*

करीमचाचांस,

मारुतीचा सलाम. चाचींना आणि मुन्नीलाही.

मी सुखरूप पोचलो. इथल्या खोलीला भिंतीभर मऊ कापड लावलंय, आत टाळी वाजवली तर ती तुमच्या हातातच मरते. काल आमच्या सरांनी विचारलं, गोष्टीत आवाज किती तऱ्हेचे असतात. सगळ्यांनी चार सांगितले. मी पाचवा सांगितला. सर म्हणाले, कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, पाटोद्याला एक दुकान आहे. मग ते म्हणाले, सविस्तर सांगा, आणि मी सगळं सांगितलं, कालवड अँप्लिफायरला चाटत होती ते सुद्धा. वर्ग खूप हसला. शेवटी मात्र कुणी हसलं नाही.

सुमन आठवीत बसली. तुमच्या घरून शाळा जवळ आहे, म्हणून चाचींनी तिला तिथंच ठेवून घेतलं, हे आबांनी कुणाकडून तरी लिहवून कळवलं. तुम्ही मला कळवलं नाही. मी काय लिहू? ती अंधारात घाबरते हे कुणाला सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा.

या पाकिटात एक काड्यापेटी आहे. तिच्यात गुंडाळून ठेवलेले ते पाच हात आहेत. मी फेकले नव्हते, तुम्हाला न सांगता खिशात घातले होते. इथं ठेवायची मला भीती वाटते, कारण आमच्या होस्टेलच्या मागं गवळ्याचा मोठा गोठा आहे आणि खोलीतली मुलं माझ्या सामानाला हात लावतात. म्हणून तुमच्याकडं ठेवा. आबा बाजाराला आले तर त्यांना ऐकवा. त्यांनी स्वतःची शीळ अजून निवांत ऐकलेली नाही.

फक्त लावण्याआधी मागच्या दारात जाऊन मुन्नीपुढं भरलेली बादली ठेवा.

तुमचा,
मारुती